शाळेची नोकरी सोडून मुलांचे नाटकाचे क्लास काढू का?

एका प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आलंय, थोडक्यात देते. "ताई, १२ वर्षं शाळेत शिकवतेय. घरी आले की वह्यांचे गठ्ठे, रविवारी पुढच्या आठवड्याचं प्लॅनिंग, वर सतत कसले ना कसले रिपोर्ट. सोमवारी शाळेचं गेट दिसलं की पोटात गोळा येतो. परवा माझी आठ वर्षांची लेक म्हणाली, तू फक्त वर्गातल्या मुलांशीच नीट बोलतेस. दर शनिवारी मी ओळखीच्या एका बाईंच्या नाटकाच्या क्लासला मदतीला जाते, तिथे दोन तास कुठे जातात कळत नाही. नोकरी सोडून माझे स्वतःचे क्लास काढू का? नवरा म्हणतो हौस म्हणून कर, त्यावर घर नाही चालणार. आणि ताई, मी पळून तर जात नाहीये ना?"

मैत्रिणी, शेवटचा प्रश्न आधी घेते कारण मला वाटतं तोच तुला जास्त छळतोय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यात त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था म्हटलंय, आणि तीन खुणा दिल्यात: अंगातली शक्तीच संपल्यासारखं होणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रात पहिली खूण ओळीओळीत आहे, दुसरीसुद्धा त्या सोमवारच्या गेटपाशी दिसते. पण शनिवारी त्याच वयाची मुलं समोर आली की तू खुलतेस! म्हणजे मुलांना तू कंटाळलेली नाहीस गं, मुलांच्या भोवती जे काम साचलंय त्याने दमली आहेस. याला पळून जाणं म्हणत नाहीत.

शनिवारी हलकं का वाटतं ते पण बघ. दोन मुलं समोरासमोर उभी करायची, एकाने हळूहळू हात हलवायचा आणि दुसऱ्याने आरशासारखं तसंच करायचं, हा खेळ तू घेतला असशीलच. वर्गात तोंड बंद न ठेवणारा मुलगा त्यात एकदम चिडीचूप होतो, आणि वर्षभर एक शब्द न बोललेली मुलगी पुढाकार घेते. तिथे कोणाला मार्क द्यायचे नसतात, चूक-बरोबर नसतं, आणि तास संपला की घरी न्यायला वह्या नसतात. हे सुख खरं आहे, त्यावर शंका घेऊ नकोस.

फक्त एक गोष्ट. तिथे तू मदतनीस आहेस, क्लास त्या बाईंचा आहे. हॉलचं भाडं, राहिलेली फी मागणं, शेवटच्या क्षणी न आलेली असिस्टंट, रात्री दहाला आलेला मेसेज की माझ्या मुलीला मेन रोल का नाही दिला, हे सगळं त्या सांभाळतात म्हणून तुझे दोन तास असे छान जातात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, घड्याळ. मुलांचे क्लास चालतात कधी? शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी. म्हणजे तुझी लेक घरी येईल नेमकी त्याच वेळी तू बाहेर पडणार, आणि सकाळी ती शाळेत असताना तू मोकळी. नोकरी सोडून लेकीची प्रत्येक संध्याकाळ गेली तर मग मिळवलं काय? म्हणून आधी एका कागदावर आठवड्याचे सात दिवस काढ आणि तिच्या संध्याकाळी पहिल्यांदा भरून टाक, त्यातून जे उरेल तेवढ्यातच बॅच बसव. समजा दोन संध्याकाळी आणि शनिवार सकाळ. कोणी कितीही आग्रह केला तरी चौथी बॅच नाही. दिवसाची वेळ वापरायची असेल तर इतर शाळांमध्ये नाटकाच्या तासापुरतं बाहेरून जाऊन शिकवता येतं, किंवा अगदी छोट्या मुलांची आईबाबांसोबतची सकाळची बॅच घेता येते. मला यातलं शाळांमध्ये तासापुरतं जाणं तुझ्यासाठी जास्त बरं वाटतं, वर्ग सांभाळायची सवय तुझ्या अंगात मुरलेली आहे आणि तुझी घरी यायची वेळ लेकीच्याच वेळेला जुळते.

नवऱ्याचं म्हणणं उडवून लावू नकोस. पगारी रजा जाते, सुट्ट्यांच्या महिन्यात फी येत नाही, तुला ताप आला तर क्लास बंद. दोघं बसा आणि उलटीकडून हिशोब करा, घराला महिन्याला किती लागतात, त्यात हॉल आणि असिस्टंटचा खर्च मिळवला तर किती मुलं लागतील. तो आकडा जमवायला सहा वर्षांची २५ मुलं एका खोलीत कोंबावी लागणार असतील तर तो हिशोब चुकलाय समज, १२ ते १५ पुरे, आणि सहाची न् बाराची मुलं एकत्र अजिबात नको. फी पूर्ण टर्मची आधी घे म्हणजे दर महिन्याला मागत बसावं लागणार नाही.

पहिल्या वर्षी मोठा शो करू नकोस, प्लीज. कॉस्च्युम, लाइट्स, तिकिटं, एक्स्ट्रा रिहर्सल यात शेवटचा महिना घरच्यांना तुझं तोंड दिसत नाही. त्याऐवजी टर्मच्या शेवटच्या तासाला पालकांना बोलव आणि मुलांनी स्वतः रचलेली गोष्ट तिथेच होऊ दे. दुसऱ्याची लिहिलेली संहिता घेतलीस तर परवानगी लागू शकते, तो व्यापही वाचतो. मेसेजला उत्तर द्यायची वेळ पहिल्याच दिवशी सांगून टाक. आणि घसा जप, शाळेने आधीच ताणलेला असणार, मुलांना शांत करायला टाळीचा ठेका किंवा डफ ठेव, ओरडू नको. खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत, मुलाला न्यायला कोण येणार याची नोंद हवी, आणि मुलांसोबत काम करायला तुझ्याकडे काय नोंदणी-पडताळणी लागते ते आधीच विचारून घे.

राजीनामा मात्र आत्ता नको. नोकरीच्या करारात बाहेर क्लास घ्यायला मनाई आहे का ते वाच, नसेल तर एकच बॅच एक पूर्ण टर्म स्वतःच्या जबाबदारीवर चालव, फी पासून हॉलच्या किल्लीपर्यंत सगळं. शाळेत अर्धवेळ मिळतंय का हेही विचार, बऱ्याच जणी हे विचारतच नाहीत आणि थेट सोडून देतात. टर्म संपल्यावर पण तुला पुढची बॅच घ्यावीशी वाटली आणि लेकीच्या संध्याकाळी शाबूत राहिल्या, तर खुशाल सोड, माझा पूर्ण पाठिंबा आहे.

या शनिवारी क्लास संपला की त्या बाईंना थोडं थांबायला सांग आणि विचार, गेल्या आठवड्यात त्या घरी किती वाजता पोचल्या, कुठल्या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला. काय म्हणाल्या ते मला लिही, मग बॅचचं टाइमटेबल आपण मिळून बघू.