वाचकांचे प्रश्न : ज्यूसर कोणता आणि कशासाठी?

प्रश्न : आम्ही घरात पाच जण आहोत. सकाळी बहुधा मोसंबीचा किंवा संत्र्याचा रस होतो, सासूबाईंना डाळिंबाचा रस आवडतो आणि मुले अधूनमधून सफरचंद-गाजर मागतात. दुकानदार पंधरा हजारांचा ‘कोल्ड प्रेस’ ज्यूसर घेण्याचा आग्रह करतो आहे. साध्या ज्यूसरच्या उष्णतेने जीवनसत्त्वे नष्ट होतात, असे तो म्हणतो. हे खरे आहे का? शिवाय मिक्सरमध्ये काढलेला मोसंबीचा रस कडवट का लागतो? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी कडवटपणाविषयी. मोसंबीच्या सालीखालचा पांढरा पापुद्रा आणि बिया या दोन्हींत कडू द्रव्ये असतात. मिक्सरचे पाते गर आणि बी असा भेद करीत नाही, त्यामुळे बिया भरडल्या गेल्या की त्यांचा कडूपणा रसात उतरतो. संत्र्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. काढताक्षणी गोड लागणारा त्याचा रस काही तास ठेवला की कडवट होतो, कारण फळात मुळात कडू नसलेले एक द्रव्य आंबट रसात मिसळल्यावर हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलते. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीबंद करणाऱ्यांची ही जुनीच डोकेदुखी आहे. तेव्हा संत्र्याचा रस रात्री काढून सकाळी प्यायचा बेत कोणत्याही यंत्राने साधणार नाही.

मोसंबी-संत्र्यासाठी सर्वांत चांगले साधन सर्वांत स्वस्तही आहे. फळ आडवे कापून ज्याच्या उंचवट्यावर दाबून फिरवायचे, तो साधा लिंबूवर्गीय ज्यूसर, किंवा रसाच्या गाड्यांवर असते तसे दांडा खाली ओढून दाबायचे हातयंत्र, यांपैकी काहीही चालेल. मात्र साल उलटी होईपर्यंत जोर लावू नये, कारण शेवटच्या चार थेंबांबरोबर सालीतले तेल आणि पापुद्र्याचा कडूपणाही उतरतो.

आता उष्णतेविषयी. साध्या ज्यूसरची जाळी मिनिटाला हजारो फेरे घेते, तर कोल्ड प्रेसचा मळसूत्रासारखा दांडा साधारणपणे 40 ते 80 फेऱ्यांच्या गतीने फळ चिरडत पुढे ढकलतो. हा फरक मोठा आहे, पण काही सेकंदांत जाळीतून निसटणारा रस जीवनसत्त्वे नष्ट होण्याइतका तापत नाही. खरा फरक हवेमुळे पडतो. वेगाने फिरणाऱ्या जाळीत रसात हवा घुसळली जाते, वर फेस येतो आणि सफरचंदाचा रस पेल्यात ओतेपर्यंत तपकिरी दिसू लागतो. कोल्ड प्रेसमध्ये हे कमी होते, चोथा अधिक कोरडा निघतो आणि पालेभाज्यांचा रस तर त्यातच नीट निघतो. मंद यंत्रातून मिळणाऱ्या ‘जिवंत एन्झाइम’ची महती मात्र मी फारशी मनावर घेणार नाही, कारण ती प्रथिनेच असल्यामुळे बहुतांशी इतर प्रथिनांसारखीच पचून जातात.

आपण वर्णन केलेल्या घरासाठी पंधरा हजार खर्च करावेत, असे मला वाटत नाही. डाळिंबाचे दाणे मिक्सरच्या भांड्यात दोन-तीनदा थांबत थांबत, क्षणभरच फिरवून जाड चाळणीवर वाटीच्या बुडाने दाबले की बी न फुटता रस मिळतो. सफरचंद-गाजरासाठी जुन्या ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडरचे जाळीचे भांडे पुरेसे आहे. रोज आवळा, पालक किंवा गव्हांकुराचा रस घ्यायचा असेल, तरच कोल्ड प्रेसचा विचार करावा. त्या वेळी दुकानात वॅट विचारण्याआधी यंत्र पूर्ण सुटे करून दाखवायला सांगावे आणि किती भाग धुवावे लागतात ते मोजावे. जाळी आणि रबरी कडी सुटी मिळते का, तेही विचारावे. घरात कपाटावर धूळ खात पडलेले ज्यूसर मी पाहिले आहेत, त्यांतले बहुतेक बिघडलेले नव्हते, ते धुण्याचा कंटाळा आलेला होता.

वापरताना फोडी दांड्यानेच ढकलाव्यात, बोट किंवा चमचा कधीही घालू नये. अननस आणि आले यांचे धागे मळसूत्राला गुंडाळले जातात, म्हणून त्यांचे धागे आडवे कापून बारीक तुकडे करावेत. मऊ फळानंतर गाजराचा तुकडा घातला की आत अडकलेला गर पुढे सरकतो. जाळी लगेच धुवावी, कारण वाळलेला चोथा ब्रशलाही दाद देत नाही. गाजरामुळे प्लॅस्टिकवर पडलेला केशरी डाग साबणाने गेला नाही, तर थोडे खाद्यतेल चोळल्यावर निघतो. गाजराचा चोथा थालीपिठात घालावा.

प्रश्न : नव्या ज्यूसरमधून केळे, चिकू आणि आंबा यांचा रसच येत नाही. यंत्रात दोष आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : दोष नाही. या फळांत पिळून वेगळे काढता येईल असा मोकळा रस फार थोडा असतो. ती गराची फळे असून त्यांचे काम मिक्सरचे, आंब्याचे तर हाताचे आहे. घरच्या ज्यूसरमध्ये ऊस मात्र कधीही घालू नये. त्यासाठी रसवंतीतले लोखंडी चरकच हवेत.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. ते सकाळी सफरचंदाचा आणि दुधीचा रस एकत्र करून घेतात. हे योग्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सफरचंद चावून खाल्ले तर त्यातले तंतू साखरेचे शोषण मंदावतात. रस काढताना नेमके तेच चोथ्यात जातात आणि एका पेल्यासाठी दोन-तीन फळे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच गटात मोजलेली आहे. त्यामुळे वडिलांनी अख्खे फळ खावे आणि प्रमाण त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

दुधीबाबत अधिक काळजी हवी. काही दुधींत कुकुरबिटासिन ही विषारी कडू द्रव्ये वाढलेली असतात आणि अशा दुधीचा रस पिऊन आपल्या देशात मृत्यूही झालेले आहेत. रस काढण्यापूर्वी प्रत्येक दुधीचा लहानसा तुकडा चाखावा आणि तो किंचितही कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्यावा. सफरचंदाच्या गोडीखाली हा कडूपणा लपतो, म्हणून दोन्ही रस एकत्र करणे विशेष धोक्याचे आहे. रस प्यायल्यावर पोटात कळ, उलटी किंवा जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालयात जावे आणि दुधीचा रस घेतल्याचे तेथे आवर्जून सांगावे.