मी ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्मावेळी मला मुलगा ठरवलं होतं. हार्मोन्स सुरू आहेत, तरी लोकांना मी बाई वाटत नाही. स्वतःला स्वीकारू कशी?

आधी शरीराचं सांगते, कारण बराच त्रास चुकीच्या अपेक्षेतून होतो. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते, छाती वाढते. पण हे सावकाश, दोन-तीन वर्षं चालतं. वयात येताना फुटलेला आवाज त्याने बारीक होत नाही. उंची आणि खांद्यांची हाडंही तशीच राहतात. दाढी मंदावते, जात नाही; त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसांची मुळं मारणं) लागतं. आवाजासाठी स्पीच थेरपिस्ट गाठा, खरंच उपयोग होतो. आणि कृपा करून डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका, रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो.

'पास' व्हावंसं वाटणं, म्हणजे लोकांनी बघताच बाई समजावं असं वाटणं, उथळ नाही. लेडीज डब्यात कुणी वळून न पाहणं, भाड्याने घर मिळणं, ही सुरक्षितता आहे. पण गोरी, नाजूक, लांबसडक केसांची हे माप कितीतरी सिस (म्हणजे ट्रान्स नसलेल्या) बायकांनाही लागू पडत नाही. रुंद खांद्यांच्या, घोगऱ्या आवाजाच्या, हनुवटीवर केस येणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यांच्याकडे कुणी पुरावा मागत नाही, मग तुम्हीच का द्यायचा? सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या, ट्रान्सजेंडर हक्कांवरच्या नालसा निकालात लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा ठरवला.

इन्स्टाग्रामवरचे फिल्टर लावलेले चेहरे जरा कमी बघा. चाळिशी-पन्नाशीतल्या ट्रान्स बायकांना प्रत्यक्ष भेटा, त्यांच्याशी निवांत बोला.