पाच रुग्णालयांच्या नोंदी आणि बिलिंग एका प्रणालीत आणायचं आहे. सुरुवात बिलिंगपासून करावी की केसपेपरपासून?

ट्रस्टच्या पाच रुग्णालयांत पाच वेगळी सॉफ्टवेअर आहेत असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन, दोन्हींच्या आधी रुग्णांची यादी साफ करा.

एकच बाई एकीकडे सुनीता पाटील असते, दुसरीकडे सुनिता पाटिल, तिसरीकडे माहेरच्या आडनावाने. मोबाइल मुलाचा, जन्मतारीख अंदाजे 1 जानेवारी. म्हणून संगणकाकडून फक्त संशयित जोड्या काढून घ्या. दोन नोंदी एक करायच्या का, हे मेडिकल रेकॉर्ड विभागातल्या माणसाने ठरवावं, आणि केलेलं जोडकाम पुन्हा सोडवता आलं पाहिजे. दुबार नोंद राहिली तर जुने रिपोर्ट सापडत नाहीत; दोन वेगळी माणसं एक झाली तर एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि ते जिवावर बेतू शकतं. 'आभा'चा, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा, 14 अंकी क्रमांक जरूर घ्या, पण तो ऐच्छिक आहे, त्यामुळे मुख्य क्रमांक तुमचा यूएचआयडीच, म्हणजे रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाला दिलेला स्वतंत्र क्रमांकच, ठेवा. नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंचात, आणल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा.

मग दरपत्रक. सेवेचा कोड पाचही ठिकाणी एक. दर रुग्णालय, खोलीचा वर्ग आणि योजनेनुसार वेगळे, आणि प्रत्येक दराला लागू होण्याची तारीख. 18 जुलै 2022 पासून आयसीयू सोडून रोज 5,000 रुपयांवरच्या खोलीभाड्यावर 5 टक्के जीएसटी आला. तक्त्यात तारीख नसेल, तर त्याआधीचं बिल पुन्हा काढताना तेही बदलतं. बिल क्रमांक 16 अक्षरांत बसला पाहिजे, प्रत्येक रुग्णालयाची मालिका वेगळी ठेवा.

चाचणीसाठी गेल्या महिन्यातली शे-दोनशे डिस्चार्ज बिलं नव्या प्रणालीत पुन्हा करा: रोख, कॅशलेस, महात्मा फुले योजना, सगळी. रुपयाचाही फरक सोडू नका. बहुतेक वेळा तो मध्येच बदललेली खोली, परत आलेली औषधं किंवा पॅकेजमधली तपासणी वेगळी लागल्यामुळे असतो.

बदल एकेका रुग्णालयात करा, लहानापासून, आणि मार्चअखेर टाळा. बदलाच्या रात्री भरती असलेल्या प्रत्येकाचं अंतरिम बिल जुन्यात काढून बाकी आणि अनामत नव्यात चढवा.

जुना डेटा सगळा हलवू नका. अ‍ॅलर्जी, निदानं, डिस्चार्ज समरी, थकबाकी एवढं न्या. बाकीच्या डेटासाठी जुनी प्रणाली वाचण्यापुरती चालू ठेवा. 2002 च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपाव्या लागतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्याव्या लागतात. त्यामुळे जुन्या सर्व्हरचा देखभाल करार आत्ताच वाढवून घ्या.