सोनामुखीचे चूर्ण रोज रात्री घेतले तर चालते का?

आपल्या सासूबाई दोन वर्षांपासून रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण घेत आहेत आणि 'झाडपाल्याचे औषध आहे, अपाय होत नाही' असे म्हणतात, ते खरे का, असे आपण विचारले आहे. सोनामुखी हे बद्धकोष्ठतेवरचे उत्तम औषध आहे, परंतु ते चार-आठ दिवसांचे आहे, रोजचे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात. ती लहान आतड्यातून जवळजवळ तशीच पुढे जातात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी त्यांचे विघटन केल्यावरच आतड्याची हालचाल वाढते व मळातील पाणी शोषले जाणे कमी होते. म्हणूनच रात्री घेतलेल्या चूर्णाचा परिणाम 6 ते 12 तासांनी, म्हणजे सकाळी दिसतो. याच जोरामुळे पोटात मुरडा येतो. पंचसकार चूर्णात सोनामुखीबरोबर सुंठ आणि बडीशेप असते, ती हा मुरडा कमी व्हावा म्हणून, आणि जुन्या वैद्यांची ही योजना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते. सासूबाई रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असतील, तर हा धोका अधिक गंभीर ठरतो. आतड्याच्या अस्तरावर काळसर रंगही चढतो, परंतु औषध थांबवल्यावर तो काही महिन्यांत जातो. लघवी तांबूस दिसली तर तेवढ्यावरून घाबरू नये.

माझ्या वडिलांची सवय सोडवताना आम्हाला एक गोष्ट उशिरा कळली: त्यांनी सोनामुखी बंद करून आणलेल्या दुसऱ्या चूर्णातही तीच होती, फक्त डबीवर 'स्वर्णपत्री' असे लिहिले होते. सनाय, मार्कंडिका हीदेखील तिचीच नावे आहेत, म्हणून घटकांची यादी अवश्य वाचावी.

दोन वर्षांची सवय एकदम मोडू नये. डॉक्टरांच्या किंवा वैद्यांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी आणि सोबत भरपूर पाण्यातून इसबगोल सुरू करावे, कारण ते आतड्याला डिवचत नाही, मळ फुगवून मऊ करते. मात्र पोटात तीव्र दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर कोणतेही रेचक न देता त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.