मतदारसंघाची पुनर्रचना झाली तर काठावर जिंकलेला आमदार पुन्हा निवडून येईल का?

पुण्यातलंच उदाहरण घेऊ. २००८ च्या पुनर्रचनेत बोपोडी आणि भवानी पेठ हे मतदारसंघच उरले नाहीत. पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता, तो खुला झाला आणि पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाला. रमेश बागवे २००४ ला पर्वतीतून आमदार झाले होते. २००९ ला ते कॅन्टोन्मेंटमधून लढले, जिंकले. २०१४ ला तिथेच दिलीप कांबळेंकडून हरले. म्हणजे सीमा बदलल्या की माणूस लगेच संपत नाही. तसंच खासदार शिवाजीराव आढळराव पाटलांचा खेड लोकसभा मतदारसंघ गेला, शिरूर आला, तरी ते २००९ आणि २०१४ ला निवडून आले.

खरा धोका मला आरक्षणाचा वाटतो. जागा राखीव झाली आणि आमदार त्या प्रवर्गातला नसेल, तर त्याच जागेवरून लढायचा प्रश्नच मिटला, मग कितीही कामं केलेली असोत. दुसरा धोका घरचाच: दोन आमदारांचे भाग एकत्र आले की तिकिटासाठी पक्षातच जुंपते, आणि नाराज नगरसेवक निवडणुकीत हात आखडता घेतात.

अंदाज बांधायचा असेल तर मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० काढा. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची मतं असतात. नवा नकाशा आला की त्यात राहिलेल्या केंद्रांचीच बेरीज करायची. चौकातल्या फ्लेक्सवरून काही कळत नाही.

अर्थात घाई नको. विधानसभेच्या सीमा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत गोठवलेल्या आहेत.