आमचा स्थानिक फुटबॉल क्लब सलग आठ सामने हरला आहे. अशा वेळी मैदानात जाऊन उपयोग काय, आणि गेलो तर करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की तुमच्यासोबत येणारे सहा जण होते, आता तुम्ही एकटेच उरलात. आठव्या पराभवानंतर मित्र विचारतात, "अजून जातोस?" आणि त्यावर काय बोलावं ते तुम्हाला सुचत नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: जा. आणि पुढच्या सामन्याला नेहमीच्या जागी बसू नका, आपल्या गोलकीपरच्या मागे, जाळीपासून चार पावलांवर उभे राहा. असं का म्हणतो ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी आमच्या क्लबचे सामने सोळा वर्षं बघतोय. त्यातल्या एका हंगामात आम्ही सलग अकरा सामने हरलो. सातव्या सामन्यात तिसरा गोल झाला तेव्हा मी असाच गोलच्या मागे होतो. गोलकीपर विशीतला पोरगा. चेंडू जाळीच्या कोपऱ्यात अडकला होता. तो वाकला, चेंडू काढला आणि जर्सीला घासून पुसत राहिला. चेंडूला चिखल नव्हता. त्याला फक्त वळून मैदानाकडे बघायचं नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीला त्या जागेवर पन्नास-साठ माणसं असायची, त्या दिवशी आम्ही नऊ होतो. आमच्यातले एक निवृत्त काका, जे कधी फारसं बोलत नाहीत, त्यांनी त्याला नावानं हाक मारली आणि एवढंच म्हणाले, "त्यांचा नऊ नंबर डावीकडून आत येतोय. बॅकला सांग." "जाऊ दे रे, होतं असं" वगैरे काही नाही. पोरानं मान हलवली, चेंडू सेंटरकडे फेकला आणि बचावफळीवर ओरडायला लागला. चौथा गोलही झाला, हे सांगायलाच हवं. पण तो डावीकडून आला नाही.

हंगाम संपल्यावर तो गोलकीपर मला म्हणाला, "मागून कोणीतरी बोलतंय म्हटलं की पाठ उघडी वाटत नाही." तेव्हापासून मी जागा बदललेली नाही.

स्थानिक क्लबची गोष्ट मोठ्या क्लबपेक्षा वेगळी आहे ती इथेच. साठ हजारांच्या स्टेडियममध्ये तुमची शिवी गोंगाटात विरून जाते. साठ माणसांच्या मैदानात प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो आणि कोणाचा आहे तेही कळतं. मी एकदा आमच्या लेफ्ट बॅकवर, म्हणजे डावीकडच्या बचावपटूवर, फार वाईट ओरडलो होतो. शेजारचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तो माझा मुलगा आहे. तो विंगर आहे, कडेनं पुढे खेळतो, बॅक नाही. दोघं जखमी आहेत म्हणून कोचनं त्याला विचारलं आणि तो हो म्हणाला." त्या वाक्याची बोच मला आजही आहे. जो पोरगा टीमची अडचण बघून आपली जागा सोडून उभा राहिला, त्यालाच मी झोडपत होतो.

आता हार ओळीनं का येत जाते ते बघू. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. एका सामन्यात दोन-तीन. त्यामुळे पायाला लागून दिशा बदललेला एखादा चेंडू, एखादी पेनल्टी, खांबाला लागून बाहेर गेलेला एखादा शॉट एवढ्यावर निकाल फिरतो. चांगलं खेळूनही तीन-चार सामने हरणं या खेळात अगदी सहज घडतं. खरी गडबड त्यानंतर होते. हरण्याची भीती पायात उतरते. बॅकला समोर पास द्यायला जागा दिसत असते, पण चुकला तर लोक ओरडतील म्हणून तो चेंडू लांब भिरकावतो. लांब भिरकावलेला चेंडू दहा सेकंदांत परत येतो. मधली फळी दिवसभर उलटं पळत राहते, शेवटच्या वीस मिनिटांत पाय संपतात आणि गोल तिथे होतात. शिवाय एक गोल खाल्ला की बरोबरीसाठी सगळे पुढे धावतात, मागे मैदान मोकळं पडतं आणि एकाचे तीन होतात. दुसऱ्या दिवशी ०-३ वाचणाऱ्याला वाटतं, धुव्वा उडाला. प्रत्यक्षात सत्तराव्या मिनिटापर्यंत सामना हातात होता.

यात प्रेक्षकाचा हात किती आहे ते लक्षात घ्या. बॅकनं गोलकीपरकडे मागे पास दिला की घोळक्यातून "अरे यार!" असा एक सुस्कारा उठतो. तो सुस्कारा खेळाडूला ऐकू जातो. पुढच्या वेळी तो मागे पास देत नाही, भिरकावतो. आपणच त्याला घाबरट खेळायला लावतो आणि मग घाबरट खेळतो म्हणून चिडतो. म्हणून टाळी कुठे वाजवायची ते ठरवून जा. हेडर जिंकला, स्लाइड टॅकल केला, त्याला टाळ्या मिळतातच. पण चूक झाल्यावर दोन मिनिटांत जो पुन्हा हात वर करून चेंडू मागतो, त्याच्यासाठी वाजवा. हरणाऱ्या टीममध्ये सगळ्यात अवघड काम तेच आहे. बाकीचे लपतात, प्रतिस्पर्ध्याच्या सावलीत उभे राहतात म्हणजे चेंडू आपल्याकडे येऊच नये. एकदा हे लपणं तुमच्या नजरेला दिसायला लागलं की सामना वेगळाच दिसतो.

मी त्या हंगामात एक वही ठेवली होती. गोल कितव्या मिनिटाला झाला, आपले किती शॉट गोलवर गेले, बेंचवर किती जण होते. सात-आठ सामन्यांनंतर दिसलं की शेवटच्या पंधरा मिनिटांत आम्ही कोसळतो. मोठा शोध लावल्यासारखा मी वही घेऊन कोचकडे गेलो. ते म्हणाले, "मला माहीत आहे. बेंचवर दोनच मुलं आहेत, बदली कोणाला करू?" दोनच का, तर तीन जण नोकरीतल्या शिफ्टमुळे बाहेरच्या मैदानावर वेळेत पोचू शकत नव्हते. मग आम्ही चौघांनी गाड्या वाटून घेतल्या. शिफ्ट सुटली की एक जण त्यांना थेट कामाच्या दारातून उचलायचा. पोरं मागच्या सीटवर मोजे चढवत मैदानात यायची. पाठिंबा म्हटलं की लोकांना ढोल, झेंडे, घोषणा आठवतात. ते हवंच, पण खालच्या लीगमधल्या क्लबच्या हारण्याची कारणं बऱ्याचदा इतकी साधी असतात. सराव ठरतो त्या वेळी मुलांना सुट्टी नसते. दुखऱ्या गुडघ्याकडे बघायला फिजिओ नसतो. रेषा आखायला, जाळ्या बांधायला तीच दोन माणसं, आणि तीही थकलेली. तुमच्या क्लबच्या सेक्रेटरीला एकदा सरळ विचारा, "हाताला काय कमी पडतंय?" उत्तर ऐकून तुम्हाला करायला काम मिळेल आणि काम हातात असलं की हार जरा कमी टोचते.

रिकामं मैदान क्लबचं काय करतं, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बर्लिनच्या तास्मानिया क्लबचं. १९६५ मध्ये हेर्था बर्लिनचं लायसन्स रद्द झालं आणि बर्लिनची एक टीम हवी म्हणून तास्मानियाला हंगामाच्या अगदी तोंडावर बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, घेतलं. तयारी कसलीच नाही. पहिला सामना त्यांनी जिंकला, तोही ८० हजारांहून जास्त लोकांसमोर. नंतर सलग ३१ सामने एकही विजय नाही. अख्ख्या हंगामात दोन विजय, १५ गोल केले, १०८ खाल्ले. जानेवारी १९६६ मध्ये म्युंशेनग्लाडबाखविरुद्धच्या सामन्याला प्रेक्षक होते ८२७. ऐंशी हजारांवरून आठशे, पाच महिन्यांत. तो क्लब १९७३ मध्ये दिवाळखोरीत बुडाला. त्या ८२७ जणांचा मला फार विचार येतो. ते मैदानावर गेले होते.

याच्या उलट इंग्लंडचा डर्बी काउंटी क्लब. २००७-०८ च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगमध्ये, ३८ सामन्यांत एकच विजय, ११ गुण. मार्च संपायच्या आतच खालच्या लीगमध्ये जाणं पक्कं झालं होतं. तरी घरच्या मैदानावर सरासरी ३० हजारांहून जास्त लोक येत राहिले. आणि बर्लिनचाच दुसरा क्लब, युनियन. २००४ मध्ये पैशाअभावी बंद पडायची वेळ आली तेव्हा चाहत्यांनी रक्तदान करून मिळालेले पैसे क्लबला दिले. २००८-०९ मध्ये मोडकळीला आलेलं स्टेडियम दोन हजारांवर चाहत्यांनी स्वतः राबून नव्यानं उभं केलं. २०१९ मध्ये तो क्लब बुंडेसलिगात पोचला. तुमचा क्लब असाच वर जाईल असं मी म्हणत नाही. बहुतेक क्लब जात नाहीत. पण वर जायची वेळ यायला क्लब आधी जिवंत राहावा लागतो, आणि वाईट काळात तो जिवंत राहतो तो येणाऱ्या माणसांवर.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. क्लबच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे कमिटीच्या प्रत्येक निर्णयाला मान डोलावणं नाही. हिशोब लपवला जात असेल, कोच दर दोन महिन्यांनी बदलला जात असेल, मुलांचा प्रवासखर्च थकवला जात असेल, तर सभासद व्हा आणि वार्षिक सभेत उभं राहून विचारा. राग तिथे काढा. मैदानाच्या कडेला उभं राहून एकोणीस वर्षांच्या मुलावर काढू नका. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचं उदाहरण आहेच. २००२ मध्ये त्यांचा क्लब दूरच्या मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, सार्वजनिक मैदानावर निवड चाचणी घेतली आणि तळापासून चढत २०११ मध्ये तो क्लब इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये नेला. मालकांशी भांडण होतं, क्लबशी नाही.

आणि तुमचे ते सहा मित्र. त्यांना टोमणे मारू नका. शनिवार हरण्यात घालवणं प्रत्येकाला झेपत नाही, आणि तुम्हालाही एखाद्या आठवड्यात नाही झेपलं तर घरी थांबा, त्यात गुन्हा नाही. ते स्कोअर विचारतील तेव्हा स्कोअर सांगा आणि सोबत सामन्यातली एक गोष्ट सांगा. "१-२ हरलो, पण नवीन आलेल्या त्या मुलानं तिघांना चकवून पास दिला, बघायला हवा होतास." आमच्याकडे दोघं परत आले ते अशा एका वाक्यामुळे. कोणाच्या निष्ठेवर प्रवचन दिल्यानं कोणी परतलेलं मी पाहिलेलं नाही.

गोलकीपरवरून सुरुवात केली म्हणून आणखी एकाची गोष्ट सांगतो. ११ एप्रिल २००१ ला ऑस्ट्रेलियानं पॅसिफिकमधल्या चिमुकल्या अमेरिकन सामोआला ३१-० नं हरवलं. गोलमध्ये निकी सलापू होता. पासपोर्टच्या अडचणींमुळे त्यांचे बहुतेक नेहमीचे खेळाडू त्या स्पर्धेत येऊच शकले नव्हते आणि टीममध्ये शाळकरी मुलंही होती. एकतीस वेळा तो वाकला, जाळीतून चेंडू काढला. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, अमेरिकन सामोआनं टोंगाला २-१ नं हरवून फिफाच्या मान्यतेचा पहिला विजय मिळवला. गोलमध्ये सलापूच होता. मधली दहा वर्षं त्याच्या पाठीमागे कोण कोण उभं राहिलं असेल, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं.

आमची मालिका बाराव्या सामन्यात तुटली, तीही विजयानं नाही, १-१ बरोबरीनं. पावसात भिजलेलं मैदान, चाळीसेक माणसं, शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलकीपरनं बोटांच्या टोकांनी एक चेंडू गोलच्या आडव्या खांबावरून बाहेर ढकलला. शिट्टी झाल्यावर तो आधी आमच्याकडे वळला, मग टीमकडे धावला. ते निवृत्त काका टाळ्याही वाजवत नव्हते, नुसते जाळी धरून उभे होते.

तेव्हा नवव्या सामन्याला जा. दहा मिनिटं आधी पोचा, म्हणजे सरावाच्या वेळीच गोलकीपर तुमचा चेहरा बघेल. त्याचं नाव माहीत नसेल तर आधी विचारून घ्या. मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतील, तेव्हा तुम्हीही मैदानाला वळसा घालून त्याच्या मागे दुसऱ्या टोकाला जा.