रेंगाळलेली सायटिका आणि चिनी उपचार : मला कशाचा किती उपयोग झाला

आठ महिने डाव्या पायात सायटिका म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेचं दुखणं, एमआरआयमध्ये एल५-एस१ची, म्हणजे कण्याच्या अगदी खालची चकती सरकलेली, गोळ्या आणि फिजिओ करून झालं, सर्जन म्हणतात ऑपरेशनची घाई नको, तर आता ॲक्युपंक्चर आणि चिनी औषधं करून बघावीत का, असं तुम्ही विचारलं आहे. मी सिंगापूरला राहते. याच चकतीने माझं जवळजवळ एक वर्ष खाल्लं आणि शेवटी मी इथल्या चिनी वैद्यांकडे गेले. म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी : लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं, पाऊल उचलता न येऊन चप्पल पायातून निसटणं, यातलं काहीही सुरू झालं तर सुयांचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

माझी कळ खुब्यातून निघायची, मांडीच्या मागून पोटरीत उतरायची आणि करंगळीपाशी मुंग्या येऊन थांबायची. पलंगावर बसून डावा मोजा घालता येत नव्हता. रात्री दोनदा उठून भिंतीला टेकून उभी राहायचे.

इथे चिनी वैद्यांसाठी २००० सालचा कायदा आहे, त्यांना सरकारी मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मी ज्यांच्याकडे गेले त्या साठीच्या बाई होत्या. त्यांनी एमआरआय वाचला, मग जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. थंडीने वाढतं का, शेकल्यावर बरं वाटतं का, असं खोदून विचारलं. ऑफिसात एसीचा झोत थेट माझ्या कमरेवर यायचा, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्यांच्या शास्त्रात या दुखण्याला 'बी' म्हणतात : वारा, थंडी आणि ओल शरीरात शिरून वाट अडवते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग वातच म्हणाली की ती!"

सुयांची भीती वाटत असेल तर त्याबद्दल सविस्तर सांगते. पालथं झोपवतात. मुख्य सुई खुब्यात, 'हुआनत्याव' नावाच्या बिंदूवर, आणि ती बोटाएवढी लांब असते. त्वचेत शिरताना डास चावल्यासारखं वाटतं. ती खोल पोचली की पायातून एक जड, आंबल्यासारखी लहर खाली उतरते. चिनी भाषेत त्या जाणिवेला 'स्वान' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ आंबट असाही होतो. आपणही पाय आंबले म्हणतोच! बाई सुई फिरवताना माझ्या पावलाकडे बघत असायच्या, पाऊल किंचित उडालं की म्हणायच्या, "लाय ल", म्हणजे आली. दुसरी सुई गुडघ्यामागच्या लवणीत, 'वेइचोंग'वर. कंबर-पाठीच्या दुखण्याचा इलाज वेइचोंगपाशी शोधा, अशी तिथल्या वैद्यांची जुनी ओळ आहे. आपल्या आयुर्वेदात सायटिकाला गृध्रसी म्हणतात, आणि सुश्रुतानेही त्यात गुडघ्याच्या चार अंगुळं वर किंवा खाली शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं, सांगितला आहे. दोन वेगळ्या परंपरांची बोटं गुडघ्याच्या आसपासच जावीत, याचं मला आजही नवल वाटतं. मग सुयांना बारीक वीजप्रवाह जोडून वीसेक मिनिटं पडून राहायचं.

पहिल्या दोन खेपांना काहीच फरक नव्हता, उलट दुसऱ्या रात्री जास्त ठणकलं. पाचव्यानंतर सलग सहा तास झोप लागली, तेव्हा मी रडले. दहाव्या खेपेपर्यंत दुखणं दहापैकी सातवरून तीनवर आलं होतं. चकती सुयांनी जागेवर गेली असं मी म्हणत नाही. झालं ते असं की कळ कमी झाल्यामुळे मला चालता यायला लागलं. आधी दहा मिनिटं, दोन महिन्यांनी चाळीस. फिजिओचे जे व्यायाम मी कण्हत सोडून दिले होते ते पुन्हा धरले. पाय सुधारला तो या सगळ्यामुळे, आणि सुया घेऊन दिवसभर खुर्चीत बसले असते तर सुधारला नसता, अशी माझी खात्री आहे.

शास्त्रीय पुराव्याबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. उलट २०२४ मध्ये चीनमधल्या सहा मोठ्या रुग्णालयांत चकतीमुळे जुनाट सायटिका झालेल्या २१६ जणांवरचा अभ्यास आला. चार आठवड्यांत दहा वेळा खऱ्या सुया घेतलेल्यांचं पायाचं दुखणं खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या टोचल्यासारख्या केलेल्या सुया घेतलेल्यांपेक्षा स्पष्ट जास्त उतरलं, आणि फरक वर्षभर टिकला. म्हणून दहा खेपांचा हिशेब धरा. रोजचं दुखणं आणि चाललेली मिनिटं वहीत लिहा. दहाव्यानंतर वहीत फरक दिसत नसेल तर पैसे घालवू नका.

काढ्यांच्या बाबतीत मात्र सांभाळून. मला दिलेला 'तूहुओ चीशंग थांग' हा सातव्या शतकातला, पंधरा घटकांचा काढा. त्यात दालचिनी आणि ज्येष्ठमधही असतो. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो आणि मला बीपीची गोळी आहे, म्हणून बाईंनी तो काढून टाकला. त्यातल्या 'तांगक्वेइ' या मुळीचं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी जमत नाही. पारंपरिक कृतीतल्या 'शीशिन' या वनस्पतीच्या कुळात तर मूत्रपिंड खराब करणारं ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. त्यामुळे ऑनलाइन पुड्या मागवून अजिबात घेऊ नका. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर फक्त सुयांवर थांबा, असं माझं मत. तिथे ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. नोंदणी विचारा, आणि सुयांचं नवं पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडायला सांगा.

आणि एक आजच करून बघा. भिंतीला हात लावून फक्त डाव्या चवड्यावर उभं राहा, दहा वेळा टाच वर-खाली करा. उजव्या पायाला जमतं आणि डाव्याला जमत नाही, असं झालं तर ॲक्युपंक्चरची वेळ घेण्याआधी सर्जनना पुन्हा दाखवा आणि हे असंच्या असं सांगा.